लामार्कस थॉम्सन : लाकडी डोंगर उभारणारा सुतार

जत्रेचा हंगाम आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. आपल्या तरुणांनी जत्रेस जावे की न जावे? पाळकाने व्यासपीठावरून मनाई करावी, वडीलजनांनी दारात बसून पहारा करावा, आणि तरीही दिवे लागताच चार-दोन पोरांनी कुंपणावरून उडी टाकून नाहीसे व्हावे, हा अनुभव कोणास नवा नाही. ज्या गृहस्थांचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. मात्र ते पाळक नव्हते, सुतार होते. आणि त्यांनी त्याचे उत्तर उपदेशाने न देता फळ्या, खिळे व चाके यांनी दिले. रोलर कोस्टर या नावाने जी चढउतारांची गाडी आज जगभर लोकांस ठाऊक आहे, तिचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

लामार्कस अॅडना थॉम्सन यांचा जन्म सन १८४८ मध्ये अमेरिकेतील ओहायो प्रांतात जर्सी नावाच्या एका लहानशा गावी झाला. पुढे त्यांचे बाळपण मिशिगन प्रांतातील हिल्सडेल येथे गेले. हातात हत्यार धरता येऊ लागल्यापासूनच त्यांची बुद्धी यंत्रांकडे धावे. बारा वर्षांचे असताना त्यांनी आईसाठी लोणी घुसळण्याचे यंत्र व वडिलांसाठी बैलगाडी तयार केली, असे त्यांच्याविषयी सांगतात; आणि सतराव्या वर्षी ते कसलेले सुतार म्हणून गणले जाऊ लागले. हिल्सडेल गावी फ्री विल बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी स्थापिलेले कॉलेज होते, तेथेही त्यांनी काही काळ अध्ययन केले. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते व रविवारच्या शाळेत मुलांना शिकवीत असत.

तरुणपणी ते इंडियाना प्रांतातील एल्खार्ट या गावी जाऊन राहिले. तेथे त्यांनी शिवण नसलेले पायमोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि त्याच्या बळावर उभारलेल्या कारखान्यात त्यांना चांगला पैसा मिळाला. मोजा ही वस्तू आमच्या अनवाणी शेतकरी बंधूंस क्षुद्र वाटेल. परंतु जेथे हिवाळ्यात बर्फ पडते तेथे शिवणीवाचूनचा मोजा हा पायाला मोठाच दिलासा असतो. पुढे अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली व कारखान्यातील आपला भाग त्यांना विकून टाकावा लागला. हाताशी पैसा आहे, वेळ आहे, परंतु शरीर साथ देत नाही, अशा त्या सक्तीच्या विश्रांतीतच लाकडी रेल्वेची कल्पना त्यांच्या मनात मुरू लागली.

ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. रशिया देशात सेंट पीटर्सबर्ग शहराजवळ लोक हिवाळ्यात उंच लाकडी मांडव उभारून त्याच्या उतारावर पाणी ओतीत, ते गोठले म्हणजे बर्फाच्या घसरगुंडीवरून खाली येत. पुढे फ्रान्स देशात हाच खेळ चाकांच्या गाड्यांनी होऊ लागला, व सन १८१७ मध्ये पॅरिस येथे रुळांत अडकविलेल्या चाकांच्या गाड्या धावल्या. तथापि थॉम्सन यांना खरा धडा मिळाला तो आपल्याच देशात. पेनसिल्व्हेनिया प्रांतात मॉक चंक या गावी सन १८२७ मध्ये दगडी कोळसा डोंगरावरून कालव्यापर्यंत आणण्यासाठी सुमारे नऊ मैलांची एक रुळवाट घातलेली होती. भरलेल्या गाड्या आपल्याच भाराने खाली येत. रिकाम्या गाड्या खेचरे वर ओढून नेत. खाली येताना त्या खेचरांनाही एका निराळ्या गाडीत उभे करून आणीत, आणि एकदा गाडीत बसण्याची चटक लागल्यावर ती खेचरे पायी उतरावयास साफ नकार देऊ लागली, अशी एक मौजेची गोष्ट तेथे सांगतात. मनुष्याची तऱ्हाही याहून फारशी वेगळी नाही! पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली, तेव्हा सन १८७२ च्या सुमारास ही वाट केवळ उतारूंच्या करमणुकीसाठी राहिली व दूरदूरचे लोक पैसे देऊन तीवर बसावयास येऊ लागले. थॉम्सन यांनी ती पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की, जेथे डोंगर नाही तेथे लाकडाचा डोंगर उभारता येईल.

तो कोठे उभारावा? त्यांनी जी जागा निवडली ती पाहून सज्जनांनी कानांवर हात ठेवले असते. न्यूयॉर्क शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी कोनी आयलंड नावाची वाळूची पट्टी आहे. गिरण्या-कारखान्यांत सहा दिवस राबणारे मजूर, शिलाईकाम करणाऱ्या मुली, आगबोटीतून नुकतेच उतरलेले परदेशी लोक, हे सर्व सुटी मिळाली की आगगाडीने वा बोटीने तेथे लोटत. समुद्राची हवा फुकट होती. बाकी सर्व विकत होते. पंक्तीच्या पंक्ती दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, कुंटणखाने, खिसेकापू. त्या ठिकाणास समुद्रकाठचे सदोम असे नावच पडले होते.

येथे एका दुसऱ्या मनुष्याची ओळख करून देणे अवश्य आहे. कोनी आयलंड ज्या ग्रेव्हसेंड गावाच्या हद्दीत मोडत होते त्या गावाची सारी सत्ता जॉन मॅकेन नावाच्या एका गृहस्थाच्या मुठीत होती. परवाने त्याच्या हातात, पोलीस त्याच्या हातात, मतपेटीही त्याच्या हातात. हा मॅकेनही धंद्याने मूळचा सुतारच. तो मेथडिस्ट मंडळीचा सभासद होता, दारूला शिवत नसे, आणि तोही रविवारच्या शाळेचा सुपरिंटेंडेंट होता! रविवारी तो मुलांना शास्त्र शिकवी, आणि त्याच्या हद्दीतील गुत्ते व अड्डे त्याच्याच आश्रयाखाली बिनधोक चालत. लोकांना हवे ते मिळाले पाहिजे, मग त्यात त्यांचा नाश का होईना, असे त्याचे धोरण होते. सन १८९४ मध्ये निवडणुकीतील लबाडीबद्दल त्यास सिंग सिंग येथील तुरुंगात जावे लागले. एकाच वाळूवर हे दोन सुतार, दोघेही रविवारच्या शाळेचे शिक्षक. आपण कोणत्या शाळेत शिकवितो हे सांगून मनुष्याची परीक्षा होत नाही हे आम्हां पाळकवर्गास तरी ठाऊक असावे.

थॉम्सन यांचे मत असे होते की, समाजात जो दुराचार दिसतो त्याचे पुष्कळसे मूळ हलक्या व भ्रष्ट करमणुकींत आहे, आणि त्या करमणुकींची नुसती निंदा करीत बसल्याने फारच थोडे साधते. मनुष्याच्या हातातून वाईट वस्तू काढून घ्यावयाची तर त्या हातात दुसरी चांगली वस्तू ठेवली पाहिजे. प्रभूने सांगितलेला एक दाखला या ठिकाणी सहज आठवतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून स्वच्छ केले, पण ते रिकामेच ठेवले. तेव्हा तो परत आला आणि आपल्याहून दुष्ट असे सात सोबती घेऊन आला. आमच्या कित्येक मंडळ्यांत तमाशा बंद केला, सोंगे बंद केली, जत्रेचा पाळणाही बंद केला, ठीकच झाले. परंतु त्या रिकाम्या संध्याकाळी आम्ही तरुणांस काय दिले? जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे जे चित्र काढले आहे त्यात रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी गजबजलेले आहेत, हे आमच्या उपदेशांत क्वचितच ऐकू येते.

सन १८८४ च्या जून महिन्यात थॉम्सन यांची स्विचबॅक रेल्वे कोनी आयलंड येथे वेस्ट टेन्थ स्ट्रीट या रस्त्यावर सुरू झाली. समोरासमोर दोन उंच लाकडी मनोरे, त्यांच्यामधून चढउतार घेत जाणारी सुमारे ६०० फूट लांबीची रुळवाट, आरंभीची उंची सुमारे ५० फूट. एंजिन नाही, वाफ नाही, बैल नाही. एका टोकास पोहोचलेली गाडी सांध्यावरून दुसऱ्या रुळावर घालून उलट दिशेने परत सोडावी, म्हणून तिला स्विचबॅक म्हणत. आमच्याकडे सन १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे गेली तेव्हा तीव्र चढामुळे एके ठिकाणी गाडीची दिशा उलटी करावी लागे, तीच ही युक्ती. फरक इतकाच की घाटात ती निरुपायाने केलेली होती आणि येथे मौजेसाठी.

बसणाराने पाच सेंट द्यावेत, जिना चढून मनोऱ्यावर जावे, आणि एका लांब बाकावर बसावे. हा बाक पुढे तोंड करून नव्हता. बाजूकडे तोंड करून होता, जेणेकरून समुद्र व किनाऱ्यावरील माणसे दिसावीत. मग नोकराने गाडीस ढकलावे. क्षणभर काहीच होत नसे. नंतर पायाखालची भूमी सरकल्यासारखे वाटे, पोटात खड्डा पडे, टोप्या हातांनी घट्ट धराव्या लागत, आणि काय झाले ते कळावयाच्या आत गाडी पुढचा चढ चढू लागे. उंच झोक्यावरून खाली येताना जो अनुभव येतो तोच. मात्र येथे बाकावर शेजारी कोणीतरी अनोळखी मनुष्य बसलेला असे व तोही तितकाच घाबरून तितकाच हसत असे. दुसऱ्या टोकास नोकर गाडी उरलेली उंची ढकलून वर नेत, उतारू खाली उतरत, आणि पुन्हा बसून परत येत. वेग तो केवढा? ताशी सुमारे ६ मैल! टांग्याचा घोडाही दुडक्या चालीने याहून जलद जातो. परंतु पुढे ओढणारे जनावर नसता केवळ आपल्या देहाच्या भाराने धावत जाणे, ही गोष्ट त्या लोकांनी पूर्वी कधी अनुभविली नव्हती. भीती वाटावी आणि इजा होऊ नये, यातच त्या खेळाचे सारे मर्म होते.

हा खेळ चालतो कसा, हे विद्यार्थी-वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी उंच नेली म्हणजे तिच्या ठायी शक्ती साठते. उतारावर त्या शक्तीचा वेग होतो. चढावर वेगाची पुन्हा उंची होते. परंतु चाकांच्या घर्षणाने व वाऱ्याच्या विरोधाने प्रत्येक वेळी थोडी शक्ती खर्ची पडते, म्हणून पुढची टेकडी पहिलीहून ठेंगणीच ठेवावी लागते. लाकडी रुळवाटेत फळ्यांवर फळ्या ठोकून जाड थर करतात आणि त्यावर लोखंडाची पट्टी बसवितात. गाडी वेगाने गेली की सारा सांगाडा किंचित हलतो, करकरतो. नवखा मनुष्य त्या आवाजाने घाबरतो. पण लाकूड लवते म्हणूनच ते मोडत नाही, हे जाणत्या सुतारास ठाऊक असते.

या पहिल्या गाडीस १,६०० डॉलर खर्च आला व तो थोड्याच आठवड्यांत भरून निघाला, असे वृत्त आहे. दिवसाला ६०० डॉलरपर्यंत उत्पन्न होई असाही आकडा सांगितला जातो. पाच सेंटांच्या हिशेबाने ती १२,००० तिकिटे होतात. आकड्यात जत्रेची अतिशयोक्ती धरली तरी गर्दी अफाट होती यात शंका नाही. येथे कोणी म्हणेल की, यात परोपकार कसला, हा तर धंदा झाला. होय, धंदाच होता, आणि थॉम्सन यांनी तो कधी लपविला नाही. तथापि गुत्तेवालाही धंदाच करीत होता, आणि मजुराचे पाच सेंट कोणाच्या गल्ल्यात जातात यावर त्याच्या बायकामुलांची संध्याकाळ अवलंबून होती.

सन १८८५ च्या जानेवारीत त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले. परंतु पेटंटाने चढाओढ थांबली नाही. चार्ल्स अल्कोक याने वाटोळी रुळवाट घालून गाडी निघाल्या ठिकाणीच परत आणली, त्यामुळे मध्ये उतरण्याचा त्रास गेला. सन १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे फिलिप हिंकल यांनी गाडी यंत्राने ओढून पहिल्या टेकडीवर नेण्याची सोय केली. त्यामुळे जिना चढणेही संपले. थॉम्सन यांची गाडी एकाएकी जुनी दिसू लागली. दुसरा कोणी असता तर कोर्टाची पायरी चढून बसला असता. हे पुन्हा कामाला लागले. सन १८८७ मध्ये अटलांटिक सिटी येथे त्यांनी जी गाडी उभारली तिला सीनिक रेल्वे, म्हणजे देखाव्यांची रेल्वे, असे नाव मिळाले. गाडी काळोख्या बोगद्यात शिरे, आणि तिच्याच येण्याने दिवे पेटून भिंतींवर रंगविलेले देखावे एकाएकी प्रकट होत. ज्या मजुराने जन्मात आपला मोहल्ला सोडला नाही त्यास पाच-दहा सेंटांत परमुलखाचे दर्शन घडे. बोगद्यातील काळोखाचा लाभ तरुण जोडपी घेत हेही खरे. आमची वडील मंडळी येथे भुवया उंचावतील व त्यास माझा इलाज नाही.

सन १८८८ पर्यंत अमेरिका व युरोप खंडात मिळून त्यांच्या जवळजवळ ५० गाड्या उभ्या राहिल्या होत्या. इंग्लंडातील समुद्रकाठच्या गावांतून स्विचबॅक हा शब्दच रूढ होऊन गेला. सन १८९५ मध्ये त्यांनी आपल्या नावाची कंपनी काढली. त्याच वर्षी कोनी आयलंड येथे दुसऱ्या एका कारागिराने गाडीस उभ्या वर्तुळातून उलटी फिरविणारी फ्लिप फ्लॅप नावाची रुळवाट उघडली. तिचे वर्तुळ पुरे गोल असल्यामुळे बसणाऱ्यांच्या मानांस हिसके बसून दुखापती होत. ती पाहावयास लोक जमत, बसावयास कचरत, आणि काही वर्षांत ती काढून टाकावी लागली. थॉम्सन यांच्या गाड्या त्या मानाने सौम्य राहिल्या. म्हातारी बाई नातवास मांडीवर घेऊन बसेल अशी गाडी करावी, अशाच त्यांच्या रचना दिसतात, आणि या बाबतीत माझा कल त्यांच्याच बाजूस आहे.

कोनी आयलंड येथील गुत्ते यामुळे बंद पडले काय? पडले नाहीत. मॅकेन तुरुंगात गेल्यावरही ते चालूच राहिले, आणि ज्या गर्दीस थॉम्सन यांच्या गाडीने तेथे आणले तिच्यातील कित्येकजण गाडीतून उतरून थेट दारूकडेच गेले असतील. हे लपवून चरित्र लिहिणे खोटेपणाचे होईल. इतके मात्र झाले की, जेथे पूर्वी बायकामुलांना नेण्याची लाज वाटे तेथे नव्या शतकाच्या आरंभी भिंतींनी वेढलेल्या व तिकीट लावलेल्या करमणुकीच्या बागा उभ्या राहिल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे जाऊ लागली. याचे श्रेय एकट्या थॉम्सन यांचे नव्हे. पण वाटेवर पहिली फळी ठोकणाऱ्यांत ते होते.

त्यांच्या हाताखाली जॉन मिलर नावाचा एक तरुण काम शिकला. जुन्या गाड्यांची चाके रुळांवर नुसती टेकलेली असत, म्हणून वेग फार वाढला तर गाडी उसळण्याचे भय असे, व कित्येक गाड्यांवर ब्रेक धरणारा मनुष्य बसवावा लागे. मिलर याने रुळाच्या खालच्या बाजूने धरून ठेवणारी चाके योजिली. तेव्हापासून गाडी कितीही वेगाने टेकडीवरून गेली तरी रूळ सोडीनाशी झाली. या योजनेचे पेटंट सन १९१९ मध्ये मिळाले. त्याच साली लाँग आयलंडवरील ग्लेन कोव्ह येथे आपल्या घरी थॉम्सन परलोकवासी झाले. त्यांचे वय तेव्हा ७१ वर्षांच्या आसपास होते.

ब्रेक धरणारा मनुष्य मात्र अजून नाहीसा झालेला नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी लूना पार्क नावाच्या बागेत थॉम्सन यांच्या पद्धतीची सीनिक रेल्वे सन १९१२ मध्ये सुरू झाली. तीवर गाडीच्या मधोमध उभा राहून एक मनुष्य हाताने ब्रेक आवळतो, आणि कोठे सोडावे व कोठे आवरावे हे तोच ठरवितो. इंग्लंडातील मार्गेट गावी सन १९२० मध्ये उघडलेली तशीच एक लाकडी रेल्वे सन २००८ मध्ये आगीत बरीच जळाली. गावच्या लोकांनी ती जाऊ दिली नाही. पुष्कळ खटपट करून सन २०१५ मध्ये ती पुन्हा चालू झाली.

आणि कोनी आयलंड येथे, वेस्ट टेन्थ स्ट्रीटच्या ज्या कोपऱ्यावर ताशी ६ मैलांची ती पहिली गाडी धावली, तेथे सन १९२७ पासून सायक्लोन नावाची लाकडी रुळवाट उभी आहे. तिची उंची ८५ फूट व वेग ताशी सुमारे ६० मैल. साखळी गाडीस खडखडत वर ओढून नेते, आणि माथ्यावर पोहोचल्यावर, खाली कोसळण्यापूर्वी, बसणाऱ्यांस क्षणभर समुद्र दिसतो.